बॅरिकेड आधी की गाऱ्हाणं आधी? राजकीय हिंसेबद्दल कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीत आमचा एक छोटा वाचनगट आहे. दर रविवारी संध्याकाळी जमतो. स्पर्धा परीक्षेची पोरं, दोन-तीन निवृत्त शिक्षक, एक वकीलबाई, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक काका आणि चहा झाला की हळूच उठून जाणारे चार-पाच जण. जून २०२३ च्या दंगलीनंतर आम्हाला एकच विषय वर्षभर पुरला: असली हिंसा रोखायची तर बंदोबस्त वाढवायचा, की लोकांच्या मनातली सल काढायची? प्रश्न तेच यायचे आणि मी दर वेळी तेच सांगत बसायचो, म्हणून लिहून काढलं. उत्तरं माझी आहेत, गटाची नव्हेत. काकांना त्यातली निम्मी मान्य नाहीत.

आधी थेट सांगा. बॅरिकेड की न्याय?

हिंसा करणारे नेहमीच थोडे असतात. दहा, वीस, फार तर शंभर. त्यांच्याभोवती हजारभर माणसं असतात. ती स्वतः दगड उचलत नाहीत, पण उचलणाऱ्याला घरात घेतात, जेवू घालतात, आणि पोलीस विचारायला आले की "मी त्या दिवशी गावालाच गेलो होतो" म्हणतात. बॅरिकेड, झडती, तडीपारी हे सगळं त्या दहांसाठी असतं. न्याय हजारांसाठी. दहांतला कट्टर माणूस न्याय मिळाला म्हणून बदलेलच असं नाही, आणि हजार जण त्याच्या पाठीशी असतील तर कितीही उंच भिंत त्याला पुरत नाही. निवडायचंच झालं तर मी हजारांपासून सुरुवात करीन. काका दहांपासून करतील. आमचं भांडण एवढंच आहे.

राजकीय हिंसा नेमकं कशाला म्हणायचं?

बांधावरून डोकं फुटलं तर ती राजकीय हिंसा नव्हे. (बांधाचं राजकारण वेगळं, ते आमच्याकडं कधीच संपत नाही.) सत्ता, सरकारी धोरण किंवा एखाद्या समाजाची पायरी बदलावी म्हणून, किंवा ती बदलू नये म्हणून केलेली हिंसा ती राजकीय. यातलं "बदलू नये म्हणून" ध्यानात ठेवा. लोक तेवढंच विसरतात.

पण अडथळे कामाला येतातच की! मग त्यांना नावं का ठेवता?

नावं ठेवत नाही. १९७३ च्या जानेवारीपासून अमेरिकेतल्या विमानतळांवर सगळ्या प्रवाशांची तपासणी सुरू झाली आणि विमान अपहरणं झपाट्यानं घटली. त्याआधी विमान पळवून क्युबाला नेणं ही तिथं जवळजवळ नित्याची बातमी होती. म्हणजे यंत्रानं काम केलं. पण वॉल्टर एंडर्स आणि टॉड सँडलर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये पुढचा हिशेब मांडला. अपहरणं घटली, तशी माणसं ओलीस धरण्याचे इतर प्रकार आणि हत्या वाढल्या. वकिलातींच्या भिंती भक्कम केल्या, तर वकिलातीबाहेर पडलेल्या अधिकाऱ्यांवरचे हल्ले वाढले. बांध घातल्यावर पाणी शेजारच्या वाफ्यात शिरावं, तसं.

इस्रायलनं २००२ मध्ये वेस्ट बँकेत कुंपण-भिंत उभारायला घेतली. पुढच्या काही वर्षांत आत्मघाती हल्ले खूप कमी झाले. त्यात भिंतीचा वाटा होता, तसा लष्करी कारवायांचा आणि मधल्या काळात पॅलेस्टिनी गटांनी घेतलेल्या शस्त्रसंधीचाही होता. भिंत तर तेव्हा पुरती बांधूनही झाली नव्हती. भिंतीचा मोठा भाग पॅलेस्टिनी जमिनीवरून गेला, म्हणून २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं ती बेकायदा असल्याचं मत दिलं. गाझाभोवती तर जमिनीखालीही भिंत घातली, त्यावर कॅमेरे आणि संवेदक बसवले. हे काम २०२१ च्या अखेरीस पुरं झालं आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं ते कुंपण एका सकाळीत अनेक ठिकाणी फोडलं. इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली गेली. त्यानंतर गाझात जे झालं ते आपण रोज पाहत आलो. मला खटकतं ते असं की, मधली वर्षं शांत गेली म्हणून पलीकडचा प्रश्न मिटला असं अलीकडचे धरून चालले होते.

जवळचंही बघा. विशाळगडावरच्या अतिक्रमणांवरून १४ जुलै २०२४ ला जमाव निघाला. वाद गडावरचा, पण घरं आणि मशीद फोडली गेली ती खालच्या गजापूर गावात. तिथल्या माणसांचा त्या अतिक्रमणांशी संबंधही नव्हता.

कोल्हापूरला तर तटबंदी होती. तिचा अनुभव काय सांगतो?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळं उत्तर लांबणार.

आपल्याकडं गडकरी नावाची व्यवस्था होती. पन्हाळा, सामानगड, भुदरगड अशा किल्ल्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करायची आणि तिच्या बदल्यात गडाखालच्या जमिनी कसायच्या. १८४० च्या सुमारास राजे वयानं लहान होते, आणि पुढं कारभार इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या हाती गेला. महसुलाची नवी घडी बसवताना गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात द्यायचं ठरलं. कागदावर ती साधी कारकुनी दुरुस्ती. गडकऱ्यांच्या दृष्टीनं मात्र ती पोटावर आणि मानावर एकदमच आलेली गोष्ट होती. १८४४ मध्ये सामानगडानं दरवाजे लावून घेतले, पाठोपाठ भुदरगडानं. कर्नल ओव्हान्स नावाचा इंग्रज अधिकारी बंडवाल्यांच्या हाती सापडला, त्याला पन्हाळ्यावर अडकवून ठेवलं. १ डिसेंबर १८४४ ला इंग्रज फौजेनं पन्हाळा घेतला.

आता तटबंदीकडं बघा. ती राज्याच्या रक्षणासाठी बांधलेली. बंड झालं तेव्हा ती बंडवाल्यांच्या कामी आली, कारण दरवाजाची किल्ली ज्यांच्याकडं होती त्यांच्यावरच अन्याय झाला होता. इंग्रजांना हे लगेच कळलं, म्हणून त्यांनी गडांचे तट-दरवाजे पाडले. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हाच गेला. आज सहलीला गेलेली पोरं त्याच्या उरलेल्या दगडांवर बसून फोटो काढतात. गडकऱ्यांची व्यवस्थाही मोडून टाकली. पण ज्या गाऱ्हाण्यावरून सगळं पेटलं, ते तसंच ठेवलं.

तेरा वर्षांनी, ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरातल्या २७ व्या पलटणीनं उठाव केला. हे शिपाई सरकारचेच, म्हणजे भिंतीच्या आतलेच. त्याच वर्षी डिसेंबरात शहराच्या वेशी बंडवाल्यांनी आतून लावून घेतल्या आणि इंग्रज अधिकारी कर्नल जेकबला आपल्याच बंदोबस्तातल्या शहराचा दरवाजा फोडून आत शिरावं लागलं. पुढं बंडात हात असल्याच्या संशयावरून धाकटे राजबंधू चिमासाहेब यांना कराचीला धाडलं. ते तिथंच वारले.

आज गंगावेश, रंकाळावेश ही नावं उरलीत, वेशी नाहीत. तटाचा एक तुकडा बिंदू चौकात उभा आहे. त्याच चौकात ९ डिसेंबर १९५० ला महात्मा फुल्यांचा आणि डॉ. आंबेडकरांचा पुतळा बसला. बाबासाहेबांचा तर त्यांच्या हयातीत. काकांना मी मुद्दाम त्या चौकात नेऊन हे सांगितलं. ते म्हणाले, "पुतळ्याला पण पोलीस लागतोच की." खरं आहे.

अन्याय दूर केल्यानं हिंसा थांबली, असं ठोस उदाहरण आहे का?

मिझोराम. महाराष्ट्रात हे फारसं कुणी वाचत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

मिझो टेकड्यांत काही दशकांनी एकदा बांबूला फुलोरा येतो. त्याच्या बियांवर उंदीर माजतात आणि मग धान्य फस्त करतात. त्याला तिथं माउताम म्हणतात. १९५९ मध्ये असा दुष्काळ पडला. सरकारी मदत तोकडी आणि उशिरा. मदतीसाठी उभी राहिलेली दुष्काळ संघटनाच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष झाली आणि १ मार्च १९६६ ला लालडेंगांच्या नेतृत्वाखाली तिनं स्वातंत्र्य पुकारलं. चार दिवसांत भारतीय हवाई दलाची विमानं ऐझॉलवर आली. आपल्याच देशातल्या गावावर आपल्याच विमानांचा मारा.

१९६७ पासून लष्करानं बंडखोरांचा दाणापाणी तोडण्यासाठी गावं एकत्र आणली. लोकांनी घरं सोडायची, रस्त्यालगतच्या कुंपणबंद वस्तीत राहायचं, शेतावर जाताना-येताना नोंद करायची. बॅरिकेडची कल्पना याहून टोकाला नेणं अवघड. बंडखोरांना त्याचा त्रास झाला, यात शंका नाही. पण बंड वीस वर्षं चाललं, आणि कुंपणाआडच्या वस्तीत वाढलेल्या पोरांना सरकार म्हणजे फाटकावरचा शिपाई एवढीच ओळख राहिली.

३० जून १९८६ ला करार झाला. बंडखोरांनी शस्त्रं ठेवली, राज्याचा दर्जा आणि मिझो रूढी-जमिनींना घटनेचं संरक्षण मिळालं. लालडेंगांना मुख्यमंत्री करता यावं म्हणून तेव्हाचे काँग्रेसचे मुख्यमंत्री ललथनहौला खुर्चीवरून खाली उतरले. हे वाक्य मी गटात वाचलं तेव्हा पोरांनी पुन्हा वाचायला लावलं. २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम राज्य झालं. तेव्हापासून ते देशातल्या शांत राज्यांपैकी एक आहे.

एक मिझोराम झालं. बाकी जगाचं काय?

अमेरिकेतल्या रँड या संस्थेनं २००८ मध्ये १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ दहशतवादी गटांचा अभ्यास मांडला. जे गट संपले त्यातले ४३ टक्के राजकारणात सामावले गेले म्हणून संपले. ४० टक्के स्थानिक पोलीस आणि गुप्त माहितीमुळं, १० टक्के आपलं उद्दिष्ट साधून, आणि लष्करी बळानं अवघे ७ टक्के. काकांना यातला चाळीसचा आकडा आवडतो, मला त्रेचाळीसचा. पण दोघांनाही एक कबूल करावं लागतं: चाळीसमध्ये भिंत नाही, माणसं आहेत. गल्ली ओळखणारा हवालदार, आणि त्याला येऊन खरं सांगणारा शेजारी. तो शेजारी विश्वास असल्याशिवाय सांगत नाही. म्हणजे फिरून त्याच हजारांपाशी आलो.

उत्तर आयर्लंड या बाबतीत फारच बोलकं आहे. तिथल्या अल्पसंख्य कॅथलिक लोकांच्या मागण्या आधी साध्या होत्या: घरवाटपात भेदभाव नको, स्थानिक निवडणुकीत प्रत्येकाला एक मत. १९६९ मध्ये दंगली झाल्या आणि बेलफास्टमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये "तात्पुरत्या" भिंती घातल्या. ऑगस्ट १९७१ मध्ये खटल्याविना तुरुंगात डांबायला सुरुवात झाली. ३० जानेवारी १९७२ ला डेरीत नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला, त्यात १३ जण जागीच मेले. १९७२ हेच त्या संघर्षातलं सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरलं. तीस वर्षांत साडेतीन हजारांवर माणसं गेली आणि १० एप्रिल १९९८ च्या करारानं सत्तेत वाटा ठरल्यावर हिंसा ओसरली. एका दिवसात नाही. त्याच ऑगस्टमध्ये ओमाघला फुटीर गटाच्या बॉम्बनं २९ जणांचा जीव घेतला. करार न मानणारे ते दहा हे होते. फरक एवढाच की, या वेळी त्यांच्यामागचे हजार उठून गेले होते. आणि भिंती? त्या अजून आहेत. २०२३ पर्यंत काढू असं २०१३ मध्ये सरकारनं जाहीर केलं होतं. तात्पुरती म्हणून घातलेली भिंत काढणं, घालण्यापेक्षा अवघड असतं.

अन्याय म्हणजे गरिबीच ना? मग गरीब माणसं सगळीकडंच आहेत, सगळीकडं बंड का होत नाही?

गरिबी आणि अन्याय एक नव्हे. अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांनी दाखवलं की दहशतवादी कृत्यांत सापडलेली माणसं आसपासच्या लोकांपेक्षा गरीब किंवा कमी शिकलेली नसतात. कधी उलटच असतं. गडकरी काही भुकेकंगाल नव्हते. त्यांचं होतं ते गेलं होतं. श्रीलंकेत १९५६ मध्ये फक्त सिंहली राजभाषा झाली, १९७० च्या दशकात विद्यापीठ प्रवेशाचे नियम बदलून तमिळ विद्यार्थ्यांना जास्त गुण लागू लागले. तिथून जे तरुण जंगलात गेले, ते शिकलेले होते. उपाशी माणसाला भाकरीची चिंता असते. "माझ्यापेक्षा कमी लायकीच्याला मिळालं आणि मला जात किंवा भाषा बघून डावललं" ही चिंता वेगळी, ती पोटभर जेवलेल्या माणसालाही झोपू देत नाही.

श्रीलंकेनं तर २००९ मध्ये बंदुकीनंच प्रश्न संपवला की.

तमिळ बंडखोरांची संघटना (एलटीटीई) संपवली. तेही सव्वीस वर्षांच्या युद्धानंतर, अखेरच्या महिन्यांत हजारो नागरिक मारून. रँडच्या त्या ७ टक्क्यांतलं उदाहरण म्हणून ते खरं आहे. तो रस्ता कुणाला हवा असेल तर त्यानं किंमतही मोठ्यानं वाचून दाखवावी, एवढंच.

शाहू महाराजांनी तर इथं अन्याय दूर केला होता. मग १९४८ ची जाळपोळ का झाली?

हा प्रश्न पहिल्यांदा वकीलबाईंनी विचारला आणि मी त्या रविवारी गप्प बसलो.

शाहूंनी केलं ते अफाट होतं. १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं. २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा. १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद, जिथं त्यांनी डॉ. आंबेडकरांना नेता म्हणून पुढं केलं. वेदोक्त प्रकरणात खुद्द राजाला शूद्र ठरवलं गेलं होतं, वातावरण विलक्षण तापलेलं होतं, तरी ती लढाई वर्तमानपत्रांत, अर्ज-अपिलांत आणि वसतिगृहांच्या पंगतीत लढली गेली. रस्त्यावर नाही. ज्याचं पोरगं पहिल्यांदा बोर्डिंगात शिकतंय, त्याला दगड उचलायची घाई नसते.

पण ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला, मारेकऱ्याची जात कळली आणि पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं-दुकानं पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. माझी आजी सांगायची, शेजारच्या काकू पाच दिवस आमच्या धान्याच्या खोलीत होत्या आणि आजोबा दारात बाज टाकून झोपत होते. खेड्यांत कुळ-सावकारीचे जुने हिशेबही त्यात मिसळले, असं जुनी माणसं म्हणतात.

माझं आजचं उत्तर असं. जुन्या अन्यायाची आठवण खरी होती, पण ज्यांची घरं जळली त्यांचा खुनाशी काडीचाही संबंध नव्हता. अन्यायाची जाणीव आपोआप शहाणी नसते. कुणीतरी बोट दाखवायचा अवकाश, ती भलत्याच दारात जाऊन उभी राहते. त्या चार दिवसांत न्यायाची व्याख्यानं कामाची नव्हती. पोलीस हवे होते, वेळेवर आणि निःपक्ष. या उत्तरावर काका एकदम खूश झाले.

आणि गांधीजींचा खून? २० जानेवारीला त्याच बिर्ला भवनात बॉम्ब फुटला होता, मदनलाल पाहवा जागेवर पकडला गेला होता. दहा दिवस हातात होते. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती गांधीजींनी घेऊ दिली नाही हे खरं, पण पकडलेल्या माणसाकडून मिळालेला माग दिल्ली आणि मुंबईच्या पोलिसांनी नीट जोडला नाही हेही तितकंच खरं.

पानसरे अण्णांच्या मारेकऱ्यांवर कोणता अन्याय झाला होता?

कोणताही नाही. म्हणूनच "सगळी हिंसा अन्यायातून येते" हे वाक्य मला चालत नाही. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात, गोविंद पानसरे यांना १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात, दोघांनाही सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. पानसरेंच्या पत्नी उमाताईही जखमी झाल्या. २० फेब्रुवारीला अण्णा गेले. ही "बदलू नये म्हणून" केलेली हिंसा. हिच्यावर इलाज म्हणजे कसून तपास आणि वेळेत शिक्षा. दाभोलकर खटल्यात दोघा मारेकऱ्यांना मे २०२४ मध्ये जन्मठेप झाली आणि तिघं सुटले, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांनी. पानसरे खटल्यात दहा वर्षं उलटली तरी निकाल नव्हता. त्या काळात दर महिन्याच्या २० तारखेला फलक धरून उभी राहणारी माणसं मी पाहिलीत. खटला रखडणं हाही अन्यायच, आणि तरीही त्या माणसांनी कुणावर हात उचलला नाही.

न्याय द्यायला गेलं की उलट हिंसा वाढते, असंही होतं ना?

होतं. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला लोक शांतपणे गेले. तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता. तरी देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या घेऊन हल्ला झाला. कागदावरच्या न्यायामागं बंदोबस्त नव्हता.

१९५७ मध्ये अमेरिकेत लिटल रॉकच्या गोऱ्यांच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश मिळाला, तेव्हा जमाव अडवायला राष्ट्राध्यक्षांना लष्कर पाठवावं लागलं. संगिनी होत्याच, पण त्या मुलांच्या बाजूला उभ्या होत्या. बॅरिकेड दिसलं की मी आता एवढंच बघतो: त्याची पाठ कुणाकडं आहे आणि तोंड कुणाकडं.

हिंसा केल्यावरच सरकार ऐकतं, हाच धडा नाही का? टोल आठवा.

हा प्रश्न पोरं हसत हसत विचारतात, पण तो गंभीर आहे. कोल्हापुरात शहराच्या तोंडाशी टोलनाके बसले आणि वर्षानुवर्षं आंदोलन चाललं. जानेवारी २०१४ मध्ये नाके फोडले, जाळले गेले. २०१५ च्या अखेरीस सरकारनं टोल रद्द केल्याचं जाहीर केलं. "जाळला म्हणून गेला" असं कट्ट्यावर अजून सांगतात. पण तारखा बघा: नाके जळाल्यावरही जवळजवळ दोन वर्षं टोल रद्द झाला नव्हता. तो गेला एन. डी. पाटील सर, पानसरे अण्णा यांच्यासारख्यांनी बांधलेली कृती समिती टिकली म्हणून, घरातल्या बायका मोर्चाला आल्या म्हणून आणि सगळ्या पक्षांना पळवाट उरली नाही म्हणून.

एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या जगभरच्या मोठ्या चळवळी तपासल्या. अहिंसक ५३ टक्के यशस्वी, हिंसक २६ टक्के. कारण साधं आहे. मोर्चात आजीला नेता येतं.

तरी प्रश्नातला काटा शिल्लक राहतोच. शांत मोर्चाला वर्षभर उत्तर द्यायचं नाही आणि काच फुटली की दुसऱ्या दिवशी बैठक लावायची, असं सरकार वागलं तर शिकवण कोण देतंय? नोव्हेंबर २०२३ मध्ये ऊसदरासाठी शिरोलीत महामार्ग दिवसभर रोखला, तेव्हा कुठं आधीच्या हंगामाचे टनाला कुठं शंभर, कुठं पन्नास रुपये मान्य झाले. हे महिनाभर आधी टेबलावर मान्य झालं असतं, तर शेकडो पोलिसांचा एक दिवस वाचला असता.

जमावबंदी आणि इंटरनेट बंदीचा उपयोग होतो का?

काही तास होतो. ७ जून २०२३ ला कोणीतरी ठेवलेल्या स्टेटसवरून शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठ्या चालल्या आणि इंटरनेट बंद झालं. अफवेचा वेग त्यानं कमी होतो हे मी मान्य करतो. त्याच वेळी खरी माहितीही बंद होते आणि भाजीवाल्याचं क्यूआर कोडही.

भिंत नाही, कायदा नाही, असा तिसरा मार्ग आहे का?

भिवंडीत होता. १९७० आणि १९८४ मध्ये तिथं भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. नेते टाळून साधी माणसं घेतली, दोन्ही धर्मांची, आणि दंगल नसतानाही नेमानं बैठका लावल्या. नळाचं पाणी, गटार, भाडेकरूंची भांडणं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. मुंबईत दंगलींपाठोपाठ १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्या दंगली हे स्फोटांमागचं एक कारण दिसतं, असं दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगानं नोंदवलं.

आपल्याकडं शांतता समित्या आहेत. गणपती आणि मोहरमच्या आधी बोलावतात, चहा-बिस्किटं होतात, फोटो निघतो. भिवंडीचा मुद्दा गटाराच्या बैठकीचा होता, फोटोचा नव्हे.

गडचिरोलीत कशाचा उपयोग झाला, बंदोबस्ताचा की न्यायाचा?

दोन्ही. २००९ मध्ये लाहेरीजवळ नक्षलवाद्यांशी झालेल्या एका चकमकीत १७ पोलीस मारले गेले. त्याच वर्षी मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्याचा अधिकार. पुढं रस्ते, ठाणी, आत्मसमर्पणाची योजना असं सगळंच आलं. कशामुळं किती फरक पडला याची वाटणी कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर सावध राहा.

कोगनोळीला बॅरिकेड लावल्यानं सीमाप्रश्न शांत राहतो का?

त्या दिवसापुरता राहतो. एक नोव्हेंबर (कर्नाटकचा स्थापनादिन, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस) आला की कर्नाटक पोलीस कोगनोळीला महामार्ग अडवतात, इकडून निघालेले नेते दूधगंगेच्या पुलाशी घोषणा देतात आणि कागलला येऊन वडा खाऊन परततात. संघर्ष टळतो, ते बरंच आहे. पण वाद १९५६ चा, महाजन आयोग १९६६ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात सीमाभागात गोळीबारात माणसं गेली. निपाणीतल्या मराठी माणसाला सातबारा मराठीत मिळाला, तर पुलावरचे निम्मे पोलीस घरी जातील असं मला वाटतं. वाटतं एवढंच.

आमच्या चौकात बॅरिकेड लागलं तर आम्ही काय विचारावं?

हे कधी उठणार? आदेश कुणाचा, किती दिवसांचा? रोज कुणाला थांबवतात, कुणाला हात दाखवून सोडतात? तक्रार कुणाकडं द्यायची? बॅरिकेडवरच्या हवालदाराला हे विचारू नका. तो बारा तास उभा असतो, त्यालाही माहीत नसतं. त्याला पाणी द्या. प्रश्न लेखी द्या, पोलीस ठाण्यात पोच घ्या.

गटाला यायला ओळखपत्र लागतं का?

नाही. रविवारी सहाला या. फाटक उघडंच असतं, फक्त नऊला वॉचमन कुलूप लावतो आणि मग काका आत अडकले तरी ऐकत नाही.